बरणी उन्हात ठेवताना

छत्री मंडीत काळी गाजरं थोडेच दिवस येतात.
भाजीवाला बजावतो, "अम्मा, कांजी की हैं, सब्ज़ी मत बना लेना."
दोन किलो घेते.
चिरताना पाट, बोटं, चष्म्याची काडी
सगळं जांभळं.

एकतीस वर्षं जयारोग्यच्या लॅबमध्ये
मी जंतू मोजले.
बशीत वाढवायचे, रंगवायचे, काचेखाली धरायचे,
कुठल्या औषधाने मरतात ते लिहून द्यायचं.
निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि हात धुवायची सवय
तेवढी बरोबर घरी आली.

आता त्यांनाच राहायला जागा करून देते आहे.

चिनी मातीची बरणी, मूळची लोणच्याची.
तिघऱ्याचं पाणी, उकळून रात्रभर निववलेलं.
नळाला क्लोरीनचा वास येतो;
पाहुण्यांना बोलवायचं आणि उंबऱ्यातच विष ठेवायचं,
असं कसं चालेल?
मीठ, तिखट, एक बीट,
राईची भरड. पूड नव्हे, भरड,
शेजारच्या विमला माथूर दोनदा सांगून गेल्या.
विरजण काही लागत नाही.
यायचे ते गाजराच्या सालीवर बसून
आधीच आलेले असतात.

तोंडाला अच्युतच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा.

कार्तिकात त्याला न्यूमोनिया झाला.
एकामागून एक तीन औषधं. छाती सुटली,
पोट मात्र ओसाड,
वस्ती उठवल्यासारखं.
चार शितं चिवडून ताट सरकवायचा.
आधी म्हणायचा, चव नाही.
मग तेही म्हणेना.
एजी ऑफिसात पैशापैशाचा हिशेब लावणारा माणूस
दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा,
जमाही नाही, खर्चही नाही.

धुक्यातून किल्ला दिसायला लागला
की ऊन आलं समजायचं.
मी बरणी गच्चीवर नेते,
सावली सरकेल तशी सरकवते,
माकडांसाठी काठी जवळ.
पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी रंग उतरला.
तिसऱ्या दिवशी कान लावला,
आत कुणीतरी हळू आवाजात
खूप भराभर बोलत होतं.

"काय ऐकतेस?"
जिन्याच्या दारात अच्युत. दम लागलेला.
महिन्याभरात पहिल्यांदा वर आलेला.
"नासलं असेल ते."

नासणं. विटणं. कुजणं. आंबणं. मुरणं.
केवढे शब्द करून ठेवलेत आपण,
आणि काचेखाली बघावं तर
सगळीकडे तीच लगबग.
फरक इतकाच असावा
की मुरणाऱ्याला रोज कुणीतरी येऊन ढवळतं.

हे काही मी त्याला बोलले नाही.
म्हटलं, "खालून लाकडी चमचा आण."
अठरा पायऱ्या.
गेला. बराच वेळ आला नाही.
मग आला, चमचा घेऊन,
दुसऱ्या हातात मिठाची बरणी, न सांगता.

विमलाबाई म्हणतात, हिने यकृत साफ होतं,
रक्त वाढतं, गुडघे सुटतात, डोळे निवतात.
मी मान डोलावते.
लॅबमधली बाई, पुराव्याशिवाय काय बोलणार?
कॅलेंडरवर मात्र लिहून ठेवलंय:
पाचवा दिवस, अर्धी वाटी. राई नाकात चढली. शिवी दिली.
सातवा, पोट शांत.
आठवा, भात परत मागितला.
नववा, दूधवाल्याशी सहा रुपयांवरून भांडण. जिंकला.

यातून काही सिद्ध होत नाही.
एक रुग्ण, एक बरणी,
शिवाय ऊन होतं, शिवाय अठरा पायऱ्या.

मंडीत गाजरं आता आठवडाभरच.
नव्या पाण्यात जुनी कांजी वाटीभर घालून ठेवली आहे,
म्हणजे जरा लवकर येईल.
बरणी तोच सरकवतो हल्ली,
काठीही त्याच्याकडेच.
परवा विचारलं, "हात धुतलेस का?"
जांभळी बोटं माझ्या चष्म्यासमोर धरून म्हणाला,
"मोज."